आढावा बैठकीतली आई

आई, आज लोणावळ्यात तालुक्याच्या आरोग्याची आढावा बैठक होती, आणि आता मी टेबलाच्या त्या बाजूला बसते जिथं पाण्याच्या बाटल्या आणि फुलांचा गुच्छ ठेवलेला असतो. दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, लसीकरण वाढलं, बीपी-शुगरच्या गोळ्या आता गावातल्या उपकेंद्रातच मिळतात, हे सगळं पडद्यावर दाखवून झालं. टाळ्याही झाल्या. मग मी नेहमीसारखं म्हटलं, कुणाला काही बोलायचं असेल तर बोला. मागं बसलेल्या बायांकडं बघताना एकाएकी तूच दिसलीस मला, हिरव्या लुगड्यातली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली.

तेव्हा मी आपल्या भागातल्या आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून नवी होते. गरोदर बायांच्या तपासणीच्या दिवशी व्हरांडा भरून जायचा आणि बायांच्या संडासाला कुलूप असायचं, कारण आत पाणीच नव्हतं. मी अर्ज केले, फोन केले. बघू, पुढच्या आराखड्यात घेऊ, एवढंच उत्तर यायचं. बाया घरून निघाल्यापासून घोटभरही पाणी प्यायच्या नाहीत. एक दिवस रांगेतच एक पोर चक्कर येऊन पडली, पोट सांभाळत, माझ्या डोळ्यांसमोर. त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा तू तांदूळ निवडत होतीस. मी म्हटलं, मी कितीही ओरडले तरी मी पडले कर्मचारी. गावातलं कुणी आढावा बैठकीत उठून बोललं तर वरच्या साहेबांना दखल घ्यावी लागते. तुझा सुपातला हात थांबला. "मी बोलू?" तू विचारलंस. ग्रामसभेची पायरीही कधी न चढलेली तू.

मग आपली तालीम. मी पाटावर साहेब होऊन बसायची आणि तू चुलीपाशी उभी राहायचीस, हातात उलथनं. पहिल्या वाक्यालाच तुला हसू फुटायचं. मी रागावले की म्हणायचीस, "आगं, तुज्याकडं बघून सायेब म्हनवत न्हाई." नातं सांगायचं नाही, हे आपलं ठरलं होतं. साहेबांना वाटलं असतं, मीच बोलायला लावलंय. आणि ते खरंच होतं.

बैठकीच्या दिवशी तू उठलीस आणि सरळ साहेबांकडं वळलीस. "सायेब, समदं ग्वाड ऐकलं," तू म्हणालीस. "पर पोटुशी बाई हितं येताना पानी पीत न्हाई, कारन हितं जायाची सोय न्हाई. तुमी तिला गोळ्या देताय. त्या काय कोरड्याच गिळायच्या?" मग मागून एकेक बाई व्हय, व्हय म्हणायला लागली. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, मी खाली कागदाकडं. पाण्याचं काम आराखड्यात सगळ्यात वर घ्या, असं त्यांनी सांगितलं. झालं, असं मला वाटलं. पण तू बसायचं नावच घेईनास.

"आनि आजून येक. ह्या डाक्टरीनबाई दुपारच्या जेवत न्हाईत. रांग सरंस्तवर उटतच न्हाईत. अशानं त्याच आजारी पडतील. हितं दुसरा डाक्टर द्या." लोक हसले. साहेबांनी विचारलं, "मावशी, त्या जेवत नाहीत हे तुम्हाला कसं कळतं?" तू एका दमात म्हणालीस, "डबा भरल्याला म्हागारी येतो, सायेब!" आणि मग तुझ्याच लक्षात आलं. तू हळूच म्हणालीस, "वळखीची हाय." गावच्या बायांनी तोंडाला पदर लावले. साहेबांना कळलं की नाही, मला आजही माहीत नाही. ते मान खाली घालून लिहीत राहिले.

घरी आल्यावर मी तुझ्यावर भडकले. एवढंच ठरलं होतं का आपलं, म्हणून. तू भाकरी थापत होतीस. "ठरल्यालं तुजं व्हतं, ते मी बोलले. हे माजं मी ठरिवलं," म्हणालीस, आणि गरम भाकरी माझ्या ताटात टाकलीस. मी फुगून बसले होते तरी जेवले, कारण तू समोरून उठेचनास.

छतावर टाकी बसली, कुलूप निघालं. दुसरा डॉक्टर यायला मात्र फार वेळ लागला. तोवर तुलाच धाप लागायला लागली होती, तरी तो आल्याचं कळताच तू रांगेत बसून त्याला बघून आलीस. "पोरगं बरं हाय. सुई हळू टोचतं," एवढा तुझा अहवाल. पुढच्या थंडीत तू गेलीस. चांगल्या दवाखान्यात, चांगल्या हातांत, मी शेजारी असताना. कुणाची काही चूक नव्हती. आढावा घ्यावा असं त्यात काहीच नव्हतं, आणि तरी मी तो इतकी वर्षं घेतेच आहे.

आज जी बाई उठली ती धरणाच्या पलीकडच्या वाडीतली. सुनेला रविवारी कळा सुरू झाल्या, आणि दवाखान्याची गाडी लोणावळ्याच्या अलीकडंच पर्यटकांच्या गर्दीत अडकली. "फुडं मोटारी, मागं मोटारी. पोरं गानी लावून नाचत व्हती, आन् माजी सून माजा हात धरून वरडत व्हती." नात गाडीतच झाली. दोघी सुखरूप आहेत, पण सांगताना तिचा आवाज फाटला. शनिवार-रविवारी वाहतुकीपुढं कुणाचंच चालत नाही, असं एक साहेब म्हणाले. मी म्हटलं, मग गाडी आणि नर्स शुक्रवारी संध्याकाळीच धरणाच्या पलीकडं नेऊन ठेवू, आणि दिवस भरत आलेल्या बायांना शुक्रवारीच खाली दवाखान्यात आणू, सोबत आई नाहीतर सासू. ड्रायव्हर तिथं झोपणार कुठं, असं कुणीतरी विचारलं. "आमच्या घरी," ती बाई म्हणाली, "त्यात काय!" तसंच लिहून घेतलं. जमेल की नाही, ठाऊक नाही. पहिल्या शनिवारी मी स्वतः वर जाणार आहे.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, म्हणून एवढं सांगून ठेवते. बैठक संपल्यावर मी गाडीत बसून हे सगळं तुला सांगत होते, बहुतेक मोठ्यानंच. ड्रायव्हर नवा आहे, कुसगावचा. चहा घेऊन आला आणि म्हणाला, "फोनवर व्हता का, मॅडम?" मी म्हटलं, आईशी बोलत होते. "बऱ्या हायत ना?" त्यानं विचारलं.

मी व्हय म्हणाले.