पुलापलीकडे माझं कोणी नाही

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे सध्या कागदावरच). तुझा खोकला कसा आहे? फोनवर तू "जेवलास का?" विचारतेस आणि उत्तर ऐकू येत नाही म्हणून ठेवून देतेस, तेव्हा लिहितो.

आपल्या दोन घरांमधला नदीवरचा पादचारी पूल 'दुरुस्तीसाठी' बंद होऊन दोन वर्षं झाली. दुरुस्ती म्हणजे एक पाटी आणि तिच्या सावलीत झोपणारं कुत्रं. शेवटी मी नगरपालिकेविरुद्ध जनहित याचिका ठोकली. वकील केला नाही. एकतीस वर्षं कोर्टाबाहेर बसून वकिलांचे अर्ज टाईप केले, त्यामुळे कायदा आपल्या बोटांत उतरलाय अशी माझी समजूत होती. बोटांनीच घात केला. अशा प्रत्येक याचिकेत 'अर्जदाराचा यात कोणताही वैयक्तिक स्वार्थ नाही' हे वाक्य असतं. सवयीने तेही टाईप झालं आणि मी शपथेवर सही करून मोकळा झालो.

नगरपालिकेच्या वकीलबाईंनी (वयाने आपल्या नातीएवढ्या, आवाज अगदी गोड) नेमकं तेच धरलं. विचारलं, पुलापलीकडे तुमचं कोणी राहतं का? हो म्हणावं तर स्वार्थ निघतो आणि याचिका बाद. मी म्हणालो, कोणी नाही. ताई, भर कोर्टात तुला नाहीशी केली गं! न्यायमूर्तींनी चष्मा काढून विचारलं, "मग आजोबा, तुमचं अडलंय काय?" रविवारी सकाळी तुझ्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून तुझी बोलणी खायची, एवढंच अडलंय, पण ते सांगायची सोय मी ठेवली नव्हती. मी म्हणालो, जनतेचं अडलंय. जनता त्या दिवशी गैरहजर होती.

आता महिन्याची मुदत मिळाली आहे. ज्याचं खरोखर अडलंय असं एक तरी माणूस दाखवा, नाहीतर याचिका निकालात काढू, म्हणाले. दोन बस बदलून वळसा घालणं आपल्या दोघांनाही झेपत नाही. मला तुझी फार आठवण येते. बाकी सगळं ठीक.

तुझा,
धाकटा

ता. क. सोबत तुझ्या नावाचं प्रतिज्ञापत्र टाईप करून जोडलंय. 'पूल बंद झाल्यापासून भाऊ भेटत नाही, मला करमत नाही' एवढाच मजकूर आहे. तुमच्या गल्लीतल्या नोटरीसमोर सही कर. भावाचं नाव वाचून वकीलबाई मला खोटारडा ठरवतील, ठरवू देत.

आणखी एक. खोटी शपथ हा गुन्हा आहे (मी करून बसलोच आहे), तेव्हा खरं असेल तरच सही कर. नसेल तर कागद परत पाठवू नकोस. टपालात गहाळ झाला असं मी समजेन.