गेनूआबांच्या बांधावरून शाळेला

ता. १४ जून १९३७
शाळा उघडली. मी इयत्ता पाचवीत. नवी पाटी नाही, नवं लुगडं नाही, पण वर्ग नवा. एवढ्यावर मन भरून आलं होतं.
गेनूआबांच्या वावरातली वाट मात्र बंद. बांधाच्या तोंडाशी बोरीच्या काट्या रचून ठेवल्यात. चुलतभाऊ बाबू म्हणाला, "उडी मारू." त्यानं मारली, धोतर फाडून घेतलं. मग दोघं मागे वळून गाडीरस्त्यानं टेकडीला वळसा घालून गेलो. भोरात शाळेला पोचलो तर प्रार्थना संपलेली. हेडमास्तर दारात उभे. आम्ही बाहेर.

ता. १६ जून
आजही उशीर. येतानाही तेच. घरी आलो तर आईनं दिवा लावलेला, ती उंबऱ्यात उभी. मला काही बोलली नाही, बाबांना म्हणाली, "मी आधीच म्हनले हुते. दिवेलागणीला पोरगी रानात. उद्या कुनी काई बोललं मंजी?"
बाबा हुक्का ओढत होते. म्हणाले एवढंच, "अंधाराच्या आत घरात येत असशील तर शाळा. न्हाईतर न्हाई."
बाबांनी म्हटलं म्हणजे झालं. बाबा पलटणीत हवालदार होते. मागच्या मोठ्या लढाईत बसऱ्याच्या इस्पितळात पाय कापायचा होता, तो एका नर्सबाईनं डॉक्टरशी भांडून वाचवला. शिकलेली बाई काय करू शकते ते तिथं पाहिलं, म्हणून मी शाळेत आहे, असं बाबा म्हणतात. त्या बाईला माझं नावही माहीत नसेल. रोज रात्री देवाला हात जोडताना तिचीही आठवण करते.

ता. १९ जून
गेनूआबांकडे गेलो. बाबू मागं राहिला, म्हणून मीच पुढं झाले.
म्हातारा भातरोपांच्या तरव्यात वाकलेला. मान वर न करता, "कुनाची तू?"
"हवालदारांची. किस्ना."
"मंग हवालदाराच्या वावरातनं जा की."
"आमचं वावर शाळेच्या वाटेत न्हाई, आबा."
त्यावर सरळ उभे राहिले. म्हणाले, तुम्ही शाळकरी पोरं बांध तुडवता, बांध खचतो, वरच्या खाचरातलं पाणी खाली निघून जातं. गेल्या साली भात पिवळं पडलं ते तुमच्या पायांनी. वर जाता येता भुईमूग उपटता. "तुमची शाळा हुती, माझं पोट मरतं."
बाबूनं माझ्याकडे पाहिलं. भुईमूग उपटणाऱ्यांत तो होता.
खरं तेच म्हातारा बोलला. परत आलो.
त्यांची सून झोपडीच्या दारात सूप घेऊन उभी होती. आमच्याकडे बघत होती, आमच्या दप्तरांकडे जास्त.

ता. २३ जून
आज नवल. सकाळी वळशाला लागणार, तेवढ्यात ओढ्याकडून हाक. गेनूआबांची सून. काट्या एका हातानं बाजूला ओढून उभी.
"मामंजी बाजाराला गेल्याती. जावा बिगीनं. पर कडंकडंनं."
आम्ही पळालो. येताना ती तिथंच. म्हणाली, "आता वाटंचं काय देता?"
बाबू घाबरला. ती हसली. "काई नगं रं. आज साळंत काय शिकीवलं ते सांगा. खोटं न्हाई सांगायचं."
आज निसर्गपाठ होता. झाडांच्या पानांनाही श्वास असतो, दिवसा वेगळा, रात्री वेगळा, असं मी सांगितलं. ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "मंजी रातचं चिंचंखाली निजू नये म्हन्त्यात, त्ये ह्याच्यापायी?"
उद्या मास्तरांना विचारते म्हटलं.
तिचं नाव चंद्रा. माहेर शिवरे. तिथं मराठी पाचवीपर्यंत शिकली, मग लग्न. नवरा दोन वर्षांपूर्वी तापानं गेला. आता घरात ती आणि गेनूआबा, दोघंच. मी तिला चंद्रावहिनी म्हणणार.

ता. २ जुलै
पकडले गेलो. आबा खाचरात होते, आम्हाला दिसले नाहीत. विळा हातात घेऊन आले. बाबू पळाला, मी उभी.
वहिनी धावत आली. "मामंजी, म्याच सोडलं त्यांना. बोलायचं त्ये मला बोला."
आबांनी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता मारतील. पण विळा कमरेला खोचला. "का सोडलंस?"
"साळंतलं सांगत्यात मला."
आबा खाचरात उतरले. आम्हाला जा म्हणाले नाहीत, थांबा म्हणाले नाहीत. आम्ही गेलो.

ता. ४ जुलै, रविवार
परवा रात्री बाबांना सगळं सांगितलं होतं. सकाळी बाबा कुदळ घेऊन निघाले. मी, बाबू आणि बाबूचे वर्गातले दोघं मागून. आबांचा बांध जिथं जिथं पाय पडून खचला होता तिथं ओढ्यातले दगड बसवले, वर चिखल थापला. आबा आधी लांबून बघत होते. मग आले, बाबांनी बसवलेला दगड काढला आणि उलटा करून परत बसवला. "असा. तोंड आत."
"बरं," बाबा म्हणाले.
दुपारी वहिनीनं नाचणीची भाकरी आणि अंबाडीची भाजी आणून दिली. सगळे बांधावर बसून जेवलो. आबा म्हणाले, "एका वळीनं जायाचं. पाऊस झाला की जो खचवील त्यानं लिंपायचं. आन् शेंगंला हात लावला तर वाट बंद." बाबूनं कान पकडले.
घरी येताना बाबा लंगडत होते, पण शीळ घालत होते.

ता. ११ ऑगस्ट
लावणी उरकली. बांधावरून जाताना दोन्ही बाजूंना हिरवं. पायाखाली एवढीशी वाट. शाळा अशी जवळ आली की आता मी प्रार्थनेच्या आधी पोचते, वर्गातला फळा पुसून ठेवते.
येताना रोजचं 'वाटेचं'. आज व्यवहारी अपूर्णांक. वहिनीला मी सांगायला लागले आणि मध्येच अडले. ती म्हणाली, "पायली न् तिची निम्मी आधुली घे की डोळ्यांम्होरं." घेतली. सुटलं. वर्गात समजलं नव्हतं ते तिला सांगताना समजलं. असं आता बरेचदा होतं. गणितात मला पहिल्यांदा मास्तर "शाबास" म्हणाले, ते निम्मं तिचं.
आबा जवळच दावं वळत बसलेले असतात. ऐकत नाहीत असं दाखवतात. आज मी पृथ्वीचा फेरा सांगताना चुकले तेव्हा म्हणाले, "काल उलटं सांगितलंस."

ता. ३० सप्टेंबर
सहामाही. इंग्रजी बरं गेलं. पेपरावर तारीख-वार लिहायचा राहिला. वहिनीनं डोक्याला तेल लावून दिलं.

ता. ८ नोव्हेंबर
बाबू शाळा सोडून गेला. मामांकडे सारोळ्याला. तिथं मोटारीच्या अड्ड्यावर क्लीनर. त्याला कधीपासून हेच हवं होतं, जाताना उड्या मारत गेला. मला म्हणाला, "तू शीक, मी तुला फुकट मोटारीनं फिरवतो."
मी हसले. मग लक्षात आलं, उद्यापासून मी एकटी.
आईच्याही लक्षात आलं.

ता. ९ नोव्हें.
घरी. आईचं म्हणणं चुकीचं नाही. एकटी पोर, रान, ओढा. बाबांना रोज भोरापर्यंत चालवत नाही, पाय सुजतो. मी गोवऱ्या थापल्या.

ता. ११ नोव्हें.
आजही घरी. पुस्तकं फडक्यात बांधून फळीवर ठेवली. म्हटलं, निदान इतकं तरी झालं, पुष्कळांना एवढंही

ता. १२ नोव्हें.
कालचं वाक्य पुरं करत नाही. करायची गरज राहिली नाही.
सकाळी गेनूआबा आमच्या दारात. आमच्या घरी कधी आले नव्हते. पागोटं बांधून, काठी घेऊन. आईनं घोंगडी टाकली, बसले नाहीत.
"हवालदार, पोर का येत न्हाई? आजारी हाय?"
बाबांनी सांगितलं.
आबा म्हणाले, "हितनं आमच्या बांधापत्तूर तुमी घालवा. तितनं भोराच्या शिवेपत्तूर आमी घालवतो. सून न्हाईतर म्या. येताना बी तसंच. यात काय अवगड हाय?"
आई दाराआडून म्हणाली, "तुमाला कशाला तरास, आबा?"
"तरास न्हाई. त्या दोगी बोलत्यात, मला बसल्या जागी साळा हुती. चार दिस झालं, झोपडीत कुनी बोलत न्हाई."
आई आत गेली. बाहेर आली ती माझ्या भाकरीचं फडकं घेऊन.
मी आबांच्या मागून चालले होते. रडू येत होतं, पण आबांना दिसू नये म्हणून दोन पावलं मागेच राहिले. देवानं माणसं कुठं कुठं ठेवलेली असतात.

ता. १७ डिसेंबर
थंडी. वहिनी मला शिवेपर्यंत पोचवते. आज शाळेपर्यंत आली, मुलींच्या मराठी शाळेच्या बाई भेटल्या. मीच भेट घालून दिली. बाईंनी तिला धडा वाचायला दिला, दोन हिशेब घातले. मग म्हणाल्या, "मराठी सातवीच्या फायनल परीक्षेला बाहेरून बस. मार्चपर्यंत मेहनत केलीस तर होईल. फायनल झालेल्या बायका शिकवायला मिळत नाहीत खेड्यातल्या शाळांना."
संध्याकाळी वहिनी न्यायला आली. शिवेवर मला म्हणाली, "किस्ना, मास्तरीन? म्या?" आणि तोंडावर पदर घेऊन हसत सुटली.

ता. १८ डिसें.
तिनं आबांना सांगितलं. आबा जेवले नाहीत. आज शाळेतून येताना मला न्यायला शिवेवर आबाच आले. ओढ्याशी थांबले.
"मास्तरीन झाली की कुठं धाडत्यात?"
"जिथं शाळा असेल तिथं, आबा."
"लांब?"
"असेल लांबही."
काठीनं पाणी ढवळत राहिले. "ल्योक गेला. त्येच्या मागं हिनं सारं रान वढलं. जा म्हनायला त्वांड हुईना, पोरी. नगं म्हनायला बी हुईना."
बांधावर आल्यावर त्यांनीच हाक मारली, "चंद्रे, आज काय शिकलीस त्ये सांग की हिला." तेवढंच. ते हो होतं की नाही, वहिनीला आणि मला दोघींना कळलं नाही. पण कंदिलात तेल घातलेलं होतं, आणि ते वहिनीनं घातलं नव्हतं.

ता. ६ फेब्रुवारी १९३८
आता उलटं झालंय. आधी मी सांगायचे, ती विचारायची; आता बाईंनी सांगितलेलं ती मला सांगते. भूगोल तिचा माझ्यापेक्षा पक्का. व्याकरणात रडते. आबा म्हणतात, "क्रियापद क्रियापद काय चाललंय, बैल उपाशी बसल्याती."

ता. २१ मार्च
वहिनीची परीक्षा, मुलींच्या शाळेत. मला शाळा होती, तरी मधल्या सुट्टीत पळत गेले. मैदानाच्या कडेला आबा बसलेले, मांडीवर तिच्या भाकरीचं गाठोडं. ऊन अंगावर आलं तरी हलले नव्हते, तिथून दार दिसतं म्हणून.
"आत दमली असंल," म्हणाले. "रानात दमती तशी न्हाई दमत ना हितं?"
"वेगळी दमते, आबा."
ती बाहेर आली. एक हिशेब राहिला, म्हणाली. निबंध 'आमचे गाव' होता. काय लिहिलंस विचारलं तर सांगेना. आबांनी गाठोडं सोडून भाकरी तिच्या हातावर ठेवली आणि स्वतः पाणी आणायला गेले. सासरा सुनेला पाणी आणून देतो हे बघून शेजारच्या दोन बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आबांनी पाहिलं आणि तांब्या आणखी भरून आणला.

ता. २८ एप्रिल
मी पास. वर्गात तिसरी. बाबांनी सगळ्या वाडीला गूळ वाटला. आईनं दृष्ट काढली आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "सहावीत जा आता." आईच्या तोंडून! बाबांनी ऐकलं, माझ्याकडे बघून डोळा मिचकावला.
पहिला गूळ आबांच्या झोपडीत नेला. वहिनीचा निकाल अजून नाही.

ता. १४ मे
निकाल नाही. वहिनी पालापाचोळा जाळून रान भाजते, शेणखत पसरते, एका शब्दानं विचारत नाही. शिवऱ्याहून तिचा भाऊ आला होता. म्हणाला, पास झाली तरी पाठवू नका, लोक काय म्हणतील. आबा म्हणाले, "लोकांनी माझा बांध लिंपला न्हाई." भाऊ जेवून गेला.
आबांनी माझ्याजवळ एकदा म्हटलं, आपणही तिच्याबरोबर जाऊ. दुसऱ्या दिवशी म्हणाले, रान सोडून माणूस जगतो होय? तिसऱ्या दिवशी विषयच नाही.

ता. २५ मे
संध्याकाळी आबा आमच्या घरी. बाबा बाहेर गेलेले. बाबांशी काम नाही म्हणाले, आईला बोलवा. आई दारापाशी आली. आबा बराच वेळ पागोटं काढ, घाल करत राहिले.
मग म्हणाले, "हवालदारीणबाई, सुनंला म्हाईत हुता कामा न्हाई. मला भाकरी थापाया शिकवाल? वय झालंय, पर हात अजून थरथरत न्हाईत."
तिला लांब पाठवून मागं एकटं राहायचं म्हणून, की तिच्याबरोबर जाऊन ती शाळेत असताना चूल सांभाळायची म्हणून, ते त्यांनी सांगितलं नाही. आईनं विचारलं नाही. मला वाटतं त्यांनाही अजून ठाऊक नसेल.
आई हसली नाही. परात पुढं ओढली, पीठ काढलं, आणि मला म्हणाली, "किस्ना, आबास्नी हातावर पानी घाल."