लुगड्याआड गेलेली पाटी

माझ्या पाठच्या बहिणीला थोरलीचे आशीर्वाद. तुझा गुडघा अजून कुरकुरतोय की बसला गप्प? भाऊजींचा खोकला कसा आहे? मी आणि माझी नात इथे परमुलखात हातीपायी धड आहोत. (हे काल सकाळी लिहिलं असतं तर खोटं पडलं असतं, म्हणून आज लिहितेय.) फोन का नाही केला म्हणशील. फोनवर बोलताना पोरगी शेजारी कान टवकारून बसते, आणि जे सांगायचंय ते तिच्यापासूनच लपवायचंय.

तुला ठाऊकच आहे, पोरीला पाठीवर बोचकं टाकून एकटीनं देश बघायचा होता. सून म्हणाली, आजीला नेणार असशील तर जा. तिला वाटलं, दोघींपैकी एक तरी नाही म्हणेल. मी दुसऱ्या दिवशी पिशवी भरून दारात उभी. मग तिनं माझ्याकडून शब्द घेतला, की पोरीला समुद्रात उतरू देणार नाही. दिला. शब्द द्यायला काय जातं?

इथे उतरलोय ती खोली म्हणजे आठ माणसांचं एक कपाट. पलंगावर पलंग, आणि मला वरचा. शिडीवरून उतरताना माझा पाय रोज खालच्या दाढीवाल्याच्या पोटावर पडतो, आणि माफी तोच मागतो. (माणसं चांगली आहेत, वळण लावलेलं दिसतं.) दिवसा पोरगी मला डोंगर चढवते आणि वर नेऊन म्हणते, "आजी, बघ, समुद्र!" अगं, खालून निघालो तेव्हा तोच होता की!

मुद्दा लुगड्याचा. खोलीतली दोरी हातभर. इथली माणसं धुतात काय, तर रुमालाएवढ्या चड्ड्या. नऊवार वाळत घालायचं कुठे? म्हणून काल धुतलेलं लुगडं काखोटीला मारून किनाऱ्यावर गेले. तिथे दोन खांब होते. एक मोकळा, दुसऱ्यावर पाटी. पाटीवर लाटा, आणि त्यात दोन्ही हात वर केलेला एक माणूस. खाली काहीतरी इथल्या भाषेत लिहिलेलं, ते मला कुठलं कळायला? वाटलं, आंघोळीला येणाऱ्यांचं स्वागत असेल. लुगडं पसरलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून पाटीला दोन वेढे दिले आणि राखत बसले.

समोर पाण्यात खडकांचा ढीग आहे. ओहोटीला तिथवर वाळूची वाट उघडी पडते. पोरगी म्हणाली, "पायसुद्धा ओला न करता जाऊन येते." पाण्यात उतरायचंच नव्हतं, म्हणजे माझा शब्दही शाबूत. जा म्हटलं. तासाभरानं बघते तर वाट गडप, आणि पोरगी खडकावर उभी राहून दोन्ही हात हलवतेय. काय हौस, म्हणून मीही हात हलवला. ती आणखी जोरात हलवायला लागली. मीही. तेवढ्यात लुगडं वाळलं म्हणून काढलं, आणि पाटीवरचा माणूस नीट दिसला. पाणी गळ्याशी, तोंड आ वासलेलं. तो माणूस आंघोळ करत नव्हता गं.

लुगडं तिथेच टाकून पळाले. (गुडघे माझेही आहेत, पण त्यांना विचारलं नाही.) किनाऱ्याचा राखणदार उंच खुर्चीवर बसून भलतीकडे बघत होता. त्याचा पाय धरून खाली ओढला. "मेल्या, ऊठ, पोर बुडतेय!" त्याला मराठी येत नाही, पण पाय ओढलेला कळतो. यंत्राची होडी घेऊन सुटला. पोचेपर्यंत पाणी पोरीच्या कमरेला लागलं होतं. तेवढ्या वेळात कुठल्या देवाला काय कबूल केलं ते आठवत नाही. आठवलं तर बघू.

होडीतून उतरल्याबरोबर आधी एक थोबाडीत दिली, मग ती पुन्हा कुठे जाऊ नये म्हणून तिला धरून वाळूत बसले. (लोकांना वाटलं मिठी मारली. वाटू दे.) पोरगी रडत म्हणते, "आजी, एवढी मोठी पाटी, मला दिसलीच कशी नाही गं?" मी म्हटलं, "डोळे कुठे गहाण टाकले होतेस?" तेव्हापासून बिचारी माझे पाय चेपतेय, तिचा खालचा पलंगही मलाच दिलाय. चेपायला आहे, हे काय थोडं झालं? दोष कुणाचा, हे या वयात फार उकरू नये.

तुझी थोरली

ता. क. खरं काम राहिलंच. माझ्या सुनेनं विचारलं तर सांग, दोघी देवळात बसल्यासारख्या खोलीत बसून असतात. आणि हे पत्र तुझ्या सुनेच्या हाती पडू देऊ नकोस. ती माझ्या सुनेची सख्खी बहीण. सांजेच्या आत बातमी पोचवेल.

आणखी ता. क. पाकीट चिकटवलं आणि आठवलं म्हणून पुन्हा फोडलं. तुला वाचता कुठे येतं! रोज पोथी धरून बसतेस म्हणून विसर पडतो. पोथी तुला पाठ आहे. आता पुन्हा सगळं लिहायला माझी बोटं नाहीत. तेव्हा सूनबाई, तूच वाचते आहेस ना? थांबू नकोस, सासू बघतेय. एवढं मनातल्या मनात वाच. मागच्या वर्षी इस्त्रीनं सासूचा शालू जाळलास आणि उंदरानं कुरतडला म्हणालीस, तेव्हा मी दारात उभी होते. आजवर बोलले नाही. आता मोठ्यानं वाच: "आम्ही मजेत आहोत."