चार पिढ्यांची खुर्ची

३ जून
नोकरी सोडली. आजपासून मी पिढीजात कारागीर. लोकांना खुर्ची नको असते, खुर्चीमागचा आजोबा हवा असतो. पण हे कळायला डोकं लागतं. ब्रँडचं नाव ‘चार पिढ्या’. फॅक्टरीतून बारा कोऱ्या खुर्च्या मागवल्या.

बायको म्हणाली, तुमचे आजोबा तर बस कंडक्टर होते. म्हटलं, बसमध्ये सीट असतातच की! हिला व्हिजन म्हणून नाहीच. वर अट घातली: महिन्यात ऑर्डर आली नाही तर तिच्या भावाच्या गाद्यांच्या दुकानात बसायचं. हसत कबूल केलं. त्या दुकानाच्या पाटीवर नुसतं ‘गाद्या’ लिहिलंय. ना स्टोरी, ना आत्मा.

९ जून
खुर्च्या फारच नव्या दिसतात. गच्चीवर नेऊन साखळीने बडवल्या. चहाचे डाग पाडले. ड्रिलने वाळवीची भोकं पाडली. पाठ गेली कामातून. हीच ती अस्सल मेहनत.

१४ जून
ब्रोशरसाठी बाबांचा फोटो. वीज ऑफिसात बिलं तपासून रिटायर झाले, पण चेहरा सुताराचा आहे. हातात रंधा दिला. बाबांनी विचारलं, हे काय असतं? म्हटलं, नुसतं धरा, बोलू नका.

२१ जून
खरेदीवाल्या बाईंचा फोन! मोठ्या शोरूमच्या. पाठवलेल्या ब्रोशरमधला फोटो आवडला म्हणे. शुक्रवारी घरी येणार. म्हटलं ना, जग मूर्ख आहे, फक्त नीट सांगावं लागतं. मेव्हण्याला मुद्दाम फोन करून कळवलं. तो म्हणाला, छान भावोजी, गल्ल्याजवळची जागा तरी ठेवतो रिकामी. जळतोय.

२६ जून, शुक्रवार, सकाळ
सलूनमध्ये जाऊन दाढी कारागिरासारखी विस्कटून घेतली. चांगले दोन तास गेले. चुरगळलेला शर्ट इस्त्री करून पुन्हा चुरगळला.

त्याच दिवशी, दुपार
घात झाला.

खुर्च्या खाली आणायला गच्चीवर गेलो तर बाराच्या बारा आरशासारख्या चमकतायत! बाबांना वाटलं, पोराच्या गळ्यात कुणीतरी खराब माल मारला. बिचाऱ्यांनी दोन दिवस खपून भोकांत पुट्टी भरली, डाग घासले, शेजारच्या काकांना मदतीला घेऊन पॉलिश मारलं. वर मला म्हणाले, काळजी करू नकोस, बाईंना काही कळणार नाही.

तेवढ्यात बाई आल्या. खुर्च्या पाहिल्या, मला पाहिलं, मग थेट बाबांनाच विचारलं की फोटोत रंधा उलटा का धरलाय. बाबांनी प्रांजळपणे सांगितलं की आमच्या घरात साधा खिळा ठोकायलाही सुतार बोलवावा लागतो. बाई चहा न घेताच गेल्या. चव नसलेली बाई.

बाबांवर ओरडणार होतो. त्यांची बोटं पॉलिशने काळी झाली होती. घासूनही डाग जात नव्हते. रॉकेलचा बोळा आणून दिला. फार वाईट वाटलं.

६ जुलै
गाद्यांचं दुकान. हे तात्पुरतं आहे. पाटीसाठी मेव्हण्याला एक जबरदस्त नाव सुचवलं. तो म्हणाला, भावोजी, आधी त्या उशा लावा.

दुपारी बाबा डबा घेऊन आले. समोर कोणीतरी अनोळखी गिऱ्हाईक होतं. त्याला माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, हा माझा मुलगा. आमच्या चार पिढ्यांत दुकानात बसणारा हा पहिलाच.

केवढा अभिमान होता आवाजात! गिऱ्हाइकाने गादी घेतली.