सोया सॉसच्या बाटलीतलं तेल

ब्रिस्बेन, रविवार, चर्चहून आल्यावर

तीर्थरूप लेसिएली आत्या,

तुझ्या पायाशी चटईवर बसून लिहिते आहे असंच समज. खुर्चीत बसून तुला लिहायची माझी छाती नाही. गुडघा कसा आहे? डुकरं कशी आहेत? (गुडघ्याचं खरं सांग. डुकरांचं मला भावाकडून कळतं.) आम्ही सगळे बरे आहोत. इथे थंडी पडली आहे आणि माझी कातडी सुक्या मासळीसारखी झाली आहे.

तर तुझ्या तेलाची हकीकत. "तेलाच्या पैशानं तिकीट निघालं तर ब्रिस्बेनला येईन, भाचीच्या पैशानं मुळीच नाही," असं तू तिकडे टोंगात, व्हावाऊ बेटावर भर चर्चमध्ये जाहीर केलंस, तेव्हापासून मी व्यापारी झाले. पहिलं खोकं बंदरातच अडकलं. बाटल्यांवर चिठ्ठी सोया सॉसची, आत नारळाचं तेल आणि तेलात मोहोकोईच्या सुवासिक फुलांच्या पाकळ्या. तपासणीच्या बाईंनी विचारलं, हे खायचं की लावायचं? मी म्हटलं, लावायचं, पण लहानपणी मी खाल्लंयसुद्धा. (हे बोलायला नको होतं.) माल कोणाचा? आत्याचा. विकत घेतलात? अहो, आत्याकडून विकत कोण घेतं! मग भेट आहे का? भेट कशी असेल? आत्याला आमच्या घरातलं काहीही न विचारता उचलायचा हक्क, तिनं उलट काही दिलं हेच नवल. बाईंनी पेन खाली ठेवलं. तेल चांगलं असल्याचा पुरावा मागितला, तेव्हा मी आपलं खरं ते सांगितलं: नाचणाऱ्या पोरीच्या दंडाला हे चोपडायचं, लोकांनी नोटा चिकटवायच्या, नाच संपेपर्यंत नोट पडली नाही तर तेल उत्तम. त्यांना प्रयोगशाळेचा कागद हवा होता. शेवटी पाकळ्यांपायी त्यांनी अख्खं खोकं उचलून नेलं, मला न विचारता. हा हक्क आपल्याकडे फक्त तुझा. क्षणभर त्या बाई मला तुझ्यासारख्याच दिसल्या आणि मी तिथेच रडायला लागले. त्यांना वाटलं तेलासाठी रडते आहे, म्हणून त्यांनी पाणी आणून दिलं.

दुसरं खोकं तू गाळून, नव्या बाटल्यांत, नीट चिठ्ठ्या लावून पाठवलंस, ते सुटलं. मग शनिवारचा बाजार. इथल्या गिऱ्हाइकांची तऱ्हा ऐक. त्यांना तेलात पाकळ्या दिसायला हव्यात (ज्या सरकारला नकोत), पण वास नको. एकीनं विचारलं, थंड पद्धतीनं काढलंय का? म्हटलं, बाई, आमच्याकडे थंड असं काही नसतंच, सूर्यच काढतो तेल. दुसरीनं विचारलं, यात एखाद्या प्राण्याला इजा तर झाली नाही? मला एकदम आपलं ते डुक्कर आठवलं, ज्याच्या पाठीत नारळ पडला होता. मी प्रामाणिकपणे सांगून टाकलं. ती न घेताच गेली.

पण निराश होऊ नकोस. एक टोंगन बाई पक्की गिऱ्हाईक मिळाली आहे. बाजार उठला, सगळे गेले की येते. घासाघीस नाही, चिठ्ठी वाचणं नाही. बाटली घेते, गाडीत बसून बूच उघडते आणि बराच वेळ गाडी सुरूच करत नाही. तिला म्हणे एक अंगण दिसतं, पेटीवर बसलेली म्हातारी दिसते, आणि नाचाआधी त्या म्हातारीचे खरखरीत तळवे दंडावर फिरतात. फार आठवण येते म्हणते, आत्या. फार.

तुझी आज्ञाधारक पुतणी,
वाइओला

ता. क. पुतणी नव्हे, भाची. इतकी वर्षं इथे राहून नातीही गोंधळायला लागली आहेत, आता तरी ये.

आणखी ता. क. ती बाई कोण ते तू ओळखलंच असशील. तिचे पैसे खरे आहेत आणि ते तेलाचेच आहेत, म्हणजे तुझा शब्द मोडत नाही. तिकीट काढलं आहे. दुसरं एकही गिऱ्हाईक नाही.

शेवटचं ता. क. पाकळ्या आणू नकोस, त्या बाई सोडणार नाहीत. फक्त निघताना डोक्याला तेल लाव, भरपूर. बिया, माती, खाणं, सगळं विचारतात. डोकं कुणी हुंगत नाही. ते मी हुंगीन.