बटणावरची चिकटपट्टी

प्रिय मच्छिंद्र,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र हेमाच्या हाती देते आहे. बायकोनं दिलेलं तरी वाचशील. हिंजवडीच्या कॅन्टीनमध्ये एवढं कसलं काम असतं की सख्ख्या बहिणीशी बोलायला फुरसत नाही, हे विचारणार होते. पण टोमणे मारायचंही त्राण उरलेलं नाही. मला फार भीती वाटते आहे रे.

तुझ्या दाजींची जखम भरली. उजव्या हाताची तीन बोटं गेली ती गेलीच. सदऱ्याची बटणं मी लावते, तेव्हा ते भिंतीकडे बघत राहतात. बुधवार पेठेतल्या दुकानांत त्यांनी कापलेल्या वह्या अजून मांडलेल्या दिसतात, एकीचीही कड तिरकी नाही. मी त्या रस्त्यानं जायचंच सोडलं आहे.

कामगार संघटनेच्या सुनीतीबाईंनी मला भरपाईचं समजावून सांगितलं. मला वाटायचं, मालकाची चूक दाखवली तरच काही मिळतं. तसं नाही म्हणे. काम करताना इजा झाली, एवढं पुरतं. मग पगार, वय आणि हात किती निकामी झाला यावरून रक्कम ठरते. ती मालकाची मेहरबानी नाही, आपला हक्क आहे. ऐकून जरा धीर आला. पण पुढे त्या म्हणाल्या, कामगारानंच जाणूनबुजून यंत्रावरची सुरक्षेची सोय बंद केली असेल, तर मालक हात झटकू शकतो. 

आणि मालक नेमकं तेच सांगत सुटला आहे. कटिंग मशीनची दोन बटणं दोन हातांनी दाबल्याशिवाय पातं खाली येत नाही, हे तुला मी काय सांगू. त्या दिवशी एक बटण चिकटपट्टीनं दाबून ठेवलेलं होतं. ह्यांना ते ठाऊक नव्हतं. उजव्या हातानं गठ्ठा सारखा करता करता डावा हात सवयीनं दुसऱ्या बटणावर गेला. मालक म्हणतो, पट्टी ह्यांनीच लावली. तसं कबूल केलं तर दवाखान्याचं बिल भरतो, वॉचमनची नोकरी देतो. तुझ्या दाजींना पट्टी कोणी लावली विचारलं की ते पाणी मागतात.

काल सकाळी डाव्या हातानं दाढी करताना ते आरशासमोर पुटपुटत होते, "पट्टी मीच लावली होती, साहेब." पुन्हा पुन्हा तेच. सोमवारी कामगार न्यायालयात ते हेच सांगणार आहेत. त्या मशीनवर तूही काम करायचास, म्हणून मी तशीच हेमाकडे गेले, आणि तिनं रडत रडत सगळं सांगितलं. आधीच्या पाळीत तू होतास. वह्यांची घाई होती, मालकानं सांगितलं म्हणून तू पट्टी लावलीस आणि जाताना काढायला विसरलास. तिच्यावर रागावू नकोस. ह्यांना हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुझी कॅन्टीनची नोकरी नवी, तुझ्यामागे पोलिसांचं लफडं लागू नये, म्हणून ते गप्प आहेत. तुझं काय होईल ते मला ठाऊक नाही, सुनीतीबाईंना विचारायचाही धीर होत नाही. तरी सोमवारी ये आणि मालकानं लावायला सांगितली होती, एवढं खरं बोल. तू आला नाहीस तर तुझं नाव मी घेईन, मच्छिंद्र. आईशप्पथ घेईन, आणि सगळ्यात जास्त भीती मला त्याचीच वाटते आहे.

तुझीच,
कुसुमताई