नंबराची चिठ्ठी

नाना,

देवासच्या ड्रायव्हरची फाईल मी यंदा उघडली. तुम्ही गेल्यावर तुमच्या सगळ्या फायलींचे गठ्ठे बांधून ठेवले होते, ही मुद्दाम सगळ्यांत खाली. तसाच खटला माझ्याकडे आला म्हणून काढावी लागली. आत स्टँडची चिठ्ठी आहे, अजून टाचणीत. टाचणी गंजली आहे. गाडीचा क्रमांक, पाळी चौथी, सवाऱ्या सात, खाली नंबर लावणाऱ्याची सही. ती हरवली असती तर मी तुम्हाला माफ केलं असतं.

तुम्हाला आठवत असेल, तरी लिहिते. त्या माणसाने देवासहून सात जणांना जीपमध्ये बसवलं. धामनोदला पोलिसांनी गाडी अडवली. सातांपैकी एकाकडेही कागद नव्हते, सगळे सीमेपलीकडून आलेले. हा त्यांना चोरून पुढे पोचवत होता, असा आरोप. त्याला ठाऊक होतं की नव्हतं, एवढ्यावरच सगळा खटला. आणि स्टँडवर गाड्या पाळीने लागतात. ज्याचा नंबर, त्याच्या सवाऱ्या. ती माणसं दहा मिनिटं उशिरा आली असती तर पाचव्या गाडीत बसली असती. मी म्हटलं, "नाना, चिठ्ठी दाखल करूया." तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून पोहे खात होता. शेव घालून घेत म्हणालात, "गुन्हा शाबीत करणं सरकारचं काम. आपण पुरावा दिला की ते ओझं आपल्या डोक्यावर आलं." मग आईला, "तुझ्या लेकीला सगळं येतं हो, फक्त वकिली येत नाही." आई हसली. मीही पोह्यांची दुसरी बशी घेतली.

तुमची पद्धत सगळ्या धारला माहीत होती. सरकारचे साक्षीदार संपले की न्यायाधीश आरोपीला एकेक गोष्ट विचारतात. तुमचा कोणताही अशील प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर द्यायचा, "पता नहीं." आदल्या दिवशी बैठकीत उभं करून तुम्ही ते घोटून घ्यायचात. "मी चष्मा काढला की पता नहीं. दुसरा शब्द तोंडातून काढायचा नाही." बार रूममध्ये म्हणायचे, "वकील साब ने चश्मा उतारा, समझो मुलजिम अंधा हो गया." तुम्हाला तो विनोद फार आवडायचा. पाहुण्यांना सांगायचात.

तो ड्रायव्हर पिंजऱ्यात उभा आहे. बावीस प्रश्न झाले, बावीस वेळा तो पता नहीं म्हणाला. न्यायाधीश पेन खाली ठेवतात आणि शेवटचं विचारतात, "सफाई में कुछ कहना है?" तो तुमच्याकडे बघतो. तुम्ही चष्मा काढता. "म्हारे कई पतो नी, साब." कोर्टात हशा पिकतो. त्याला पाच वर्षांची सजा झाली.

त्याची बायको मागच्या दाराने आली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी राहिली. "चिट्ठी तो आपको ही दी थी ना, वकील साब?" तुम्ही म्हणालात, "अपील में देखेंगे," आणि हात धुवायला गेलात. अपील तिने दुसऱ्या वकिलाकडे दिलं, त्याचा तुम्हाला राग आला. ती चिठ्ठी परत मागायला आली तेव्हा तुम्ही म्हणालात, सापडत नाही. मी तिला दारापर्यंत सोडायला गेले आणि सांगितलं की नाना खोटं बोलत नाहीत.

पुढे मी तुमची बैठक सोडली ती वेगळ्या भांडणावरून. तेव्हा म्हणालात, "आपण देवासच्या दरबारातली माणसं. साहेबाशी बोलायचं ते आपण. अशीलच बोलायला लागला तर वकील कशाला?"

यंदाचा माणूसही देवासचाच, त्याच स्टँडवरचा. व्हॅनमध्ये पाच जण, त्यांत चार वर्षांची एक मुलगी. पुन्हा धामनोद. चिठ्ठी आता फोनवर येते. ती मी दाखल केली, नंबर लावणाऱ्याला साक्षीला उभं केलं. बार रूममध्ये एक जण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दीदी, आपकी गाड़ी में भी बिना कागज़ वाले बैठने लगे क्या?" दुसरा चहाचा पेला उचलून पलीकडच्या टेबलावर गेला. तुम्ही असतात तर त्याच्याबरोबर गेला असतात. तुरुंगात मी अशिलाला सांगितलं, पता नहीं म्हणायचं नाही, सच बोल. तो म्हणाला, "मैडम, बाकी वकील तो चुप रहने का बोलते हैं." मी म्हटलं, "उन वकीलों को मैं जानती हूँ." एवढं बोलून मला बरं वाटलं. चिठ्ठीशिवाय आणखी काही आहे का, हे मी विचारलं नाही.

कोर्टात तो चांगला बोलला. स्टँड, पाळी, नंबर. न्यायाधीश मान हलवत होते. मग तोच शेवटचा प्रश्न.

"साब, मानपुर के घाट में समझ तो गया था मैं. बच्ची बुखार में बड़बड़ा रही थी, बोली अपने तरफ की नी थी. माँ ने उसका मुँह दबा दिया. अब घाट में उतार देता क्या? सोचा, धामनोद में डॉक्टर को दिखा दूँ."

स्टेनोने वर बघितलं. "साब, 'समझ गया था', ये लिखूँ?"

"लिखो."

आज निकाल लागला. पाच वर्षं. पोलिसांच्या गाडीत चढताना तो मला म्हणाला, "आपने ही तो कहा था." तुमच्या पद्धतीने तो सुटला असता. हे मी तुमच्या बाजूने लिहीत नाही. तुमचा माणूस त्याच पद्धतीने आत गेला, आणि चिठ्ठी तुमच्या टाचणीत होती.

हा कागद त्याच फाईलमध्ये जाईल. एकच गोष्ट राहिली. 'मानपुर के घाट में' एवढंच तो बोलला होता, आणि पुढे काय येणार ते मला कळलं. मी चष्मा काढला. हातात धरून उभी राहिले. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा, पण ती खूण मी त्याला शिकवलेली नव्हती.